पांढऱ्या उंदरांचा देव्हारा

ज्येष्ठ वद्य तृतीया, शके १८८४

आलो एकदाचा. मेहकरहून बुलढाणा, बुलढाण्याहून मोताळा आणि पुढे हिंमतरावांनी धाडलेली दमणी. गाडीवानाने माझी ट्रंक इतक्या अदबीने उचलली की घटकाभर मी स्वतःला तहसीलदारच समजलो. साहेब कोणत्या खात्यातले, असं त्याने वाटेत विचारलं. मी औषधाचं काम म्हणालो आणि चेहरा गंभीर ठेवला.

हिंमतराव इथले मोठे जमीनदार. मळ्याच्या टोकाला त्यांनी नागांसाठी विटांचे हौद बांधलेत, वर जाळी. नागांचं विष काढून, वाळवून ते मुंबईला जातं आणि त्यापासून सर्पदंशावरचं औषध होतं. विष काढतो कडूबा. साप धरण्यातच त्याचा जन्म गेला. माझ्याकडे नागांच्या पोटाचं खातं. मुंबईहून पांढऱ्या उंदरांची पेटी आली आहे, त्यांची वीण वाढवायची आणि नागांना पुरवायची. घरी मी हे शेवटचं वाक्य गाळून सांगितलं. औषधाचं काम हे काही खोटं नाही.

राहायला तीन खोल्या एका ओळीत. ओसरीला लागून बसायची, मग स्वयंपाकाची, शेवटची उंदरांची. मागे लिंबाची सावली आहे, हवा झकास आहे, विहिरीचं पाणी गोड आहे. प्रेमला बाळूला घेऊन माहेराहून आली की घर भरेल. सहा वर्षं वाट पाहायला लावून आलेला मुलगा, अजून मी त्याला धड पाहिलंही नाही.

ज्येष्ठ वद्य एकादशी

मांडण्या तयार झाल्या. विकत मिळत नाहीत, तेव्हा स्वतःच केल्या. रॉकेलचे रिकामे डबे आडवे कापले, कडा आत वळवून ठोकल्या, म्हणजे हात कापत नाही. बाभळीच्या लाकडाची उभी चौकट केली, तिला आडव्या फळ्या मारल्या. त्या फळ्यांवरून डबा कपाटाच्या खणासारखा सरकतो आणि वरची फळीच खालच्या डब्याचं झाकण होते. पुढे जाळीचं चिमुकलं दार, त्याला तारेची कडी. पाण्यासाठी औषधाच्या बाटल्या उलट्या टांगल्या, बुचातून काचेची नळी काढली. खाली भाताचं तूस. खायला ज्वारी आणि सरकीची ढेप.

भटाच्या पोराने रंधा धरायचा नाही असं आमचे वडील म्हणत. त्यांनी ही मांडणी पाहिली असती तर गप्प बसले असते. हिंमतरावांनी दोनदा डबा आतबाहेर सरकवून पाहिला आणि खूश झाले. मीसुद्धा संध्याकाळपर्यंत सरकवत होतो.

आषाढ शुद्ध पंचमी

आज पहिल्यांदा उंदीर हौदात सोडला. सोडला म्हणजे शेपटीला धरून मीच सोडला. त्याला वाटलं नवी जागा आहे. कोपऱ्यात बसून त्याने दोन्ही पंजांनी तोंड पुसलं, मिशा साफ केल्या, कोणाकडे पाहुणा म्हणून गेल्यावर माणूस करतो तसं. नाग सावकाश आला. मी मान फिरवली. कडूबा हसला, म्हणाला सवय होते.

सवय होईल, म्हणूनच तर लाज वाटते. आई माळकरी. पाणी गाळून पिते, मुंगी दिसली तर पाऊल लांब टाकते. तिला पत्र लिहायला बसलो आणि हवा, पाणी, लिंबाची सावली यांवरच दोन पानं भरली.

गावाला वाटतं नाग दूध पितात. बाया लोट्यातून दूध आणून देतात, हिंमतराव हात जोडून घेतात. कोणाचा गैरसमज दूर करायची त्यांची पद्धत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उंदीर मी टोपलीत घालून, वर पंचा टाकून नेतो.

आषाढ वद्य द्वितीया

प्रेमला आली. बाळू माझ्या अंगठ्याला धरून झोपला. एवढं बोट आणि एवढी पकड.

आणि मी आज जे केलं ते लिहायचं म्हणजे कानशिलं तापतात. पाय धुवायच्या आधीच ती घरभर फिरून आली. शेवटच्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यात थबकली. स्वच्छ मांडण्या, प्रत्येक डब्यात पांढरेशुभ्र उंदीर, लाल डोळे. तिने पदर सावरून हात जोडले. संकष्टी करून करून तिला हा मुलगा झाला आहे, तिला दुसरं काय सुचणार?

"हे गणपतीचे आहेत का हो?"

मी हो म्हणालो. एवढंच. नाही म्हटलं तर मग कशाचे हे सांगावं लागलं असतं, तिच्या कडेवर बाळू होता, आणि ज्या हातांनी त्याला घ्यायचं त्याच हातांनी टोपली उचलायची होती. मग त्या एका 'हो'च्या पाठोपाठ बाकीचं आलं. हिंमतरावांचा नवस आहे, हे उंदीर पाळायचे आणि गावोगावच्या देवळांत सोडायचे, म्हणून मी सकाळी टोपली नेतो. ती म्हणाली, एवढं पुण्याचं काम आणि पत्रात एक शब्द नाही. मी लाजलो. तिला वाटलं विनयाने.

श्रावण शुद्ध पंचमी

नागपंचमी. हौदांपाशी गाव लोटलं. दूध, लाह्या, हळदकुंकू. नागांनी दुधाकडे पाहिलंही नाही. ते सगळं जाळीतून खाली सांडलं.

त्यानंतर बाया आमच्याकडे आल्या. प्रेमलाने शेजारच्या तानुबाईंना सांगितलं होतं, तानुबाईंनी गावाला. रांग लागली. मांडण्यांना कुंकू लागलं, डब्यांपुढे गूळ आणि खोबरं. माझ्या बाभळीच्या चौकटीला झेंडूची माळ. तानुबाईंनी मलाही वाकून नमस्कार केला. माझ्या आईच्या वयाच्या आहेत त्या. पाय मागे घ्यायचंही मला सुचलं नाही.

हिंमतरावांचा निरोप आला की श्रावणभर मळ्यात हत्या नको, पोथी लावली आहे. नाग महिनाभर उपाशी राहू शकतो, कडूबाही तेच म्हणाला. मला हायसं वाटलं. महिनाभर तरी टोपली नाही.

श्रावण वद्य चतुर्थी

टोपली नाही म्हणजे उंदीर जात नाहीत, एवढा साधा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. ते येतच राहतात. एका मादीची पिल्लं डोळे उघडायच्या आत दुसरी विते. नव्या मांडण्या केल्या, त्या भरल्या. डबे संपले. आता एका डब्यात इतके आहेत की तूस दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात.

पावसाने ज्वारीला बुरशी धरली. ढेप संपली, मोताळ्याचा रस्ता वाहून गेला आहे. बायांचं गूळखोबरं येतं ते त्यांना दाताला पुरत नाही.

सकाळी एक डबा ओढला. काल त्यात नुकतीच व्यालेली मादी होती. पिल्लं नव्हती. तुसात एक इवलासा गुलाबी पाय होता. बाकीचे सगळे तोंड पुसत बसले होते.

मी तूस बदललं, डबा धुतला. प्रेमलाने पिल्लं कुठे म्हणून विचारलं. देवळात सोडली म्हणालो. ती म्हणाली, एवढी लहान? मी म्हणालो, देवाला लहानच आवडतात. हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. बाळूने तेवढ्यात माझं नाक धरलं आणि ती हसली.

श्रावण अमावास्या, पोळा

आता रोज तेच. ज्वारी टाकली तर हुंगून बाजूला होतात. पिल्लांचा आवाज आला की अख्ख्या मांडणीतले जाळीशी येतात, ज्यांच्या डब्यात पिल्लं नाहीत तेसुद्धा.

डब्यांवरच्या फळ्या कुरतडून काही बाहेर निघालेत. खोलीत मोकळे फिरतात. मी आत गेलो की पूर्वी पळायचे, आता बसून राहतात. एकाने माझ्या बोटाला चावा घेतला, आणि मग पळाला नाही. चाटत बसला. हात मला झटकून काढावा लागला.

हिंमतरावांकडे गेलो. म्हटलं, श्रावण संपला, उद्यापासून टोपली नेतो, निम्मे तरी कमी करू. तर त्यांच्याही कानावर सगळं गेलेलं. गावात त्यांचा मान वाढला आहे, नवसाचे उंदीर पाहायला लांबून माणसं येतात. गणपती उठेपर्यंत हात लावायचा नाही म्हणाले. मी म्हणालो, लोकांना खरं सांगू. ते पानाला चुना लावता लावता थांबले.

"आता बोलला तर गाव मलेही सोडणार नाही आन तुलेही नाही. आन बायकोले काय सांगशीन बे?"

 खाली मान घालून परत आलो. प्रेमलाने पुरणपोळी वाढली. अर्धी पानात टाकून उठलो.

भाद्रपद शुद्ध द्वितीया

खोलीच्या दाराखालची फट वाळूच्या पोत्याने बुजवली. प्रेमलाने पोतं काढलं. देवाला कोंडायचं कशाला, म्हणाली.

बाळू रडला की पलीकडे उंदरांची खसखस थांबते. सगळे एकदम थांबतात. ऐकतात.

तिला सांगायला हवं. दोनदा तोंड उघडलं. मग ती बघते — ज्या नजरेने बघते ती मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. सांगितलं तर ती नजर जाईल. फक्त तेवढंच जाईल, बाकी काही नाही. तरी —

भाद्रपद शुद्ध तृतीया

हरितालिका. प्रेमला निर्जळी उपाशी. दुपारी म्हणाली, बाळूला देवाच्या पायावर घालायचा नवस राहिला आहे. देवळात जायचं होतं. पण वाहनच घरात असताना दुसरीकडे कशाला? उद्या नैवेद्याच्या वेळी त्याला तिथेच पाटावर ठेवीन.

मी नको म्हणालो. का, विचारलं. खोलीत ओल आहे, म्हणालो. ती हसली. वेखंड लावते ना, म्हणाली.

उद्या सकाळी सांगेन. सगळं सांगेन. नाग, टोपली, गुलाबी पाय. थुंकली तोंडावर तरी चालेल.

आत्ता जाऊन डब्यांच्या प्रत्येक दाराची कडी तारेने पिळून आलो. जे बाहेर आहेत त्यांचं काय करू. जमिनीवर सांडलेल्या तुसाखाली असतात, दिसत नाहीत —

भाद्रपद शुद्ध चतुर्थी

सकाळी सांगणार होतो. उठायच्या आधीच हिंमतरावांचं बोलावणं, मूर्ती आणायला मोताळ्याला; रस्ता आता जाण्याजोगा झाला आहे. गेलो. आनंदाने गेलो, हे लिहिलंच पाहिजे. दोन तास तरी सांगावं लागणार नव्हतं.

आता परत आलोय. ओसरीवर बसलोय. आत बाया दाटल्यात, स्वयंपाकाची खोली भरली आहे, मला वाट नाही. म्हणजे वाट काढता येईल. सगळ्यांसमोर बोलावं लागेल. तोंडाने जमत नाही म्हणून आधी इथे लिहून घेतो काय बोलायचं ते. प्रेमला, जरा बाहेर ये. नाही. प्रेमला, ऐक —

तानुबाई दारात आल्या. म्हणाल्या, बाळूले पाटावर ठेवलं, तेल लावून, व्हटाले दूधगूळ लावून. नैवेद्य दाखवला. देव जेवताना कोणी पाहू नये म्हणून दार लोटून घेतलं.

लोटून घेतलं. आत तो एकटा.

कड्या पिळल्यात. मी स्वतः पिळल्यात. मोकळे थोडेच आहेत. थोडेच —

मी कड्यांचं विचारलं. तानुबाई कौतुकाने म्हणाल्या, तुमच्या बाईनं पहाटीच साऱ्या तारा सोडल्या, आजच्या दिवशी देव मोकळे पाह्यजेत. सारे दारं उघडले तिनं.

बाळू रडला. एकदाच. बाया म्हणतात, देव बोलतो त्याच्याशी. टाळ्या सुरू. आरती. काही ऐकू येत नाही. खसखस थांबली का — ऐकू येत नाही —

उठतो. उठलो की सगळ्या बघतील. बघू देत. 

तानुबाई ओठावर बोट ठेवून सांगताहेत.

"उगा राहा भाऊ. पोरगं गप झालं. देव जेऊन राह्यला."

प्रेमला, दार उघड. ते देवाचे नाहीत. ते मी सापां