शुशानिकचं लाइव्ह आणि माझा उजवा हात

२ मार्च, सकाळी अकरा
संकल्प. आजपासून हात फक्त पत्रकारितेच्या स्वातंत्र्यासाठी उचलायचा, खाजगी कारणासाठी नाही. काल बस स्टॉपवर एकाला ठेवून दिली ती शेवटची खाजगी. तो 'पातुहान' विकली गेलीय असं म्हणत होता. म्हणजे तीही तशी खाजगी नव्हतीच.

पातुहान म्हणजे खिडकी. आमच्या ग्युमरी शहरातली न्यूज वेबसाइट. बाकीचे चॅनेलवाले नगरसभेच्या बैठकीत कॉफी प्यायला उठतात, तेव्हा शुशानिक एकटी लाइव्ह चालू ठेवते. मी तिचं प्रत्येक लाइव्ह चार फोनवर लावतो. माझा, आईचा, सेद्राकमामाचा आणि एक काच फुटलेला. बघणाऱ्यांचा आकडा चाराने वाढतो. तिला हे माहीत नाही. खरं प्रेम असंच असतं.

मामा म्हणाला, कॉलेज सोडून दीड वर्ष झालं, आता काहीतरी कर. डीनच्या दारावर मी खुर्ची आपटली हे खरं, पण दार आधीपासूनच खिळखिळं होतं.

पंधरा तारखेला नगरसभेत आमच्या गल्लीचा ठराव आहे. भूकंपानंतर दोन वर्षांपुरती म्हणून दिलेली ही पत्र्याची घरं, मी त्यातच जन्मलो. आता इथे हॉटेल हवंय. कॅमेरा चालू असला की सभापतीला घाई करता येत नाही, म्हणून ठराव दोनदा लांबला. मामाच्या मते आमचं छप्पर शुशानिकच्या लाइव्हवर उभं आहे. मग लाइव्ह कोणावर उभं राहणार? माझ्यावर.

५ मार्च, संध्याकाळी सहा
'काळा लांडगा' नावाच्या प्रोफाइलने लाइव्हखाली लिहिलं, बाई, घरी जा, पानांत खिमा भरून डोल्मा वळ. मी लिहिलं, पत्ता टाक. त्याने टाकला. चार वाजता, चौकात, पुतळ्यामागे.

लांडगा पन्नाशीचा कुस्तीचा मास्तर निघाला. सोबत दोन पुतणे.

एक ठोसा दिला, अकरा घेतले. एक दात गेला, पण मागचा. दिसत नाही. बरोबरी समजायला हरकत नाही. शेवटी लांडग्याने तोंड धुवायला पाणी दिलं, आणि वर ऐकवलं, "पोरा, हात जड आहे तुझा. पण हाताची नि डोळ्यांची अजून ओळख झालेली नाही."

जळतो मेला.

८ मार्च, दुपारी
महिला दिन. मिमोझाच्या पिवळ्या फुलांचा गुच्छ घेऊन पातुहानच्या ऑफिसात गेलो. शुशानिक बातमीसाठी बाहेर गेली होती. संपादक हेघिनेबाईंनी गुच्छ स्वतःसाठी आहे असं समजून घेतला, आणि विचारलं, हा सुजलेला कोण? कॅमेरामन गार्निक म्हणाला, हा आपला प्रेक्षकवर्ग.

मी अंगरक्षक म्हणून फुकट काम करायला तयार आहे, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, आम्हाला अंगरक्षक नको, आम्हाला कोणी हात लावला तर आम्ही लिहितो. आणि एक छापील कागद दिला. दर तीन महिन्यांनी त्या अशी यादी काढतात. कोणी पत्रकाराला मारलं, कोणी कॅमेरा फोडला, तारीखवार, क्रमांकवार. यावेळचे सहा झालेत.

तोंडाने नको म्हणाल्या, पण हातात कामांची यादी दिली. बाई मोठ्या मुरलेल्या आहेत.

संकल्प. या यादीतल्या प्रत्येकाला गाठायचं. एकालाही सोडायचं नाही. तारीख घालून सही करतो. राझमिक.

११ मार्च, दुपारी
यादीतला क्रमांक चार. बाजारातला मटणवाला. शिळ्या मांसाची बातमी झाली म्हणून याने गार्निकला तराजूचं वजन फेकून मारलं होतं. याला माफी मागायला लावायची होती.

त्याने मेंढीची अख्खी मांडी दोन्ही हातांत धरून माझ्या तोंडावर आणली. उठलो. पुन्हा आणली. तिसऱ्यांदा उठलो नाही, हा डावपेच. डावा डोळा मिटला तो मिटलाच.

मांडीवर माझं रक्त लागलं म्हणून गिऱ्हाईक परत गेलं. म्हणजे नुकसान त्याचंही झालं.

१५ मार्च, सकाळी नऊ
शुशानिकला फोन केला. ती म्हणाली, आज येऊ नकोस, हात जोडते. काळजी करते. आईने डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या बांधल्या होत्या, त्या काढून टाकल्या. एका डोळ्याने नेम उलट चांगला लागतो.

चारही फोन मामाकडे दिले. अख्खी गल्ली आमच्या घरात दाटीवाटीने बसून बघणार आहे.

१५ मार्च, दुपारी चार
थोडक्यात लिहितो. बोटं वळत नाहीत.

सभागृहात गर्दी. दाराशी हॉटेलवाल्याचे तीन पैलवान. मी शुशानिकच्या डाव्या खांद्याशी. लाइव्हला दोन हजार तीनशे लोक. सभापती घाम पुसत पान उलटत होता. तिसऱ्यांदा ठराव लांबणार, असं सगळे म्हणू लागले होते.

मग डावीकडून एक केसाळ हात कॅमेऱ्याकडे आला.

मारला. आयुष्यातला सर्वात सुंदर ठोसा. खांद्यापासून.

हात गार्निकचा होता. बाहेर थंडी, आत हीटर, भिंगावर वाफ धरली होती. तो पुसत होता.

गार्निक तिपाईवर, तिपाई कॅमेऱ्यावर, कॅमेरा हीटरखाली. लाइव्ह बंद. पैलवानांनी बोटही उचललं नाही. त्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या, मग मी त्यालाही मारलं. त्यानंतरचं नीट आठवत नाही. दोन बरगड्या.

सुरक्षेचं कारण सांगून सभापतीने पत्रकारांना बाहेर काढलं. दार लावलं. ठराव सहा मिनिटांत मंजूर.

हे पैलवानांचं कारस्थान. त्यांनी मला मुद्दाम चिथावलं. कसं, ते शोधून काढायचं आहे.

१६ मार्च, सकाळी
शुशानिक आमच्या घरी आली. पहिल्यांदाच. मी पलंगावर, पट्ट्या बांधलेला. आईने कॉफी केली. तिने घेतली नाही. उभ्याउभ्याच बोलली.

"तीन वर्षं लाइव्ह करतेय, राझमिक. पोलिसांनी ढकललं, नगरसेवकांनी शिव्या घातल्या, धमक्यांची तर मोजदाद नाही. माझं लाइव्ह बंद पाडायला एकालाही जमलं नव्हतं."

मी म्हणालो, गार्निकने आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, त्याचा जबडा तारेने बांधलाय, सहा आठवडे त्याला काहीच सांगता येणार नाही.

मग मामाकडे वळून तिने माफी मागितली. तिने. मामा म्हणाला, पोरी, तू कशाला. आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

तरी एवढं लांबलचक ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. 

२४ मार्च
नगरपालिकेची नोटीस. तीस दिवस. शेजारची बाई दाराशी थुंकून गेली. तिच्या मुलाला बाहेर बोलावणार होतो, पण बरगड्या.

मामा शेगडीचं धुराडं उतरवतोय. मी मदत करू का विचारलं. म्हणाला, तू हात खिशात ठेव, तीच मदत.

३१ मार्च, दुपारी एक
पातुहानवर तिमाही यादी आली. लेखन शुशानिकचं.

क्रमांक सात. पंधरा मार्च, नगरसभा. कॅमेरामनला जबर मारहाण, कॅमेरा निकामी, थेट प्रक्षेपण बंद पाडलं, पत्रकारांना कामापासून रोखलं. मारणारा: राझमिक, वय एकवीस, बेकार.

पैलवान यादीत नाहीत.

बेकार हा शब्द अन्यायाचा आहे, असं कमेंटमध्ये लिहिलं. मग पुसलं. मग मागची पानं उलटली. यादीतल्या एकालाही सोडायचं नाही, असं आठ मार्चला लिहिलंय. खाली माझीच सही.

बातमीखाली वाचणाऱ्यांचा आकडा: चार. सवयीने मीच चारही फोनवर उघडली होती.