एक्याऐंशी विरुद्ध ऐंशी

१९ जून, घरून

प्रिय मोएरोआदादास,
सप्रेम नमस्कार.

ऑकलंडला थंडी कडक पडली असेल. मुलांच्या छातीला खोबरेल चोळत जा. इकडे सगळं ठीक. शेतातले तारोचे कंद छान पोसलेत, चर्चचं छप्पर एकदाचं झालं.

आणि तुझी बहीण खासदार झाली! एक्याऐंशी विरुद्ध ऐंशी!

"निवडणुकीत आपल्या वडिलांविरुद्ध उभी राहिलीस तर मला फोन करू नकोस," म्हणालास, म्हणून पत्र लिहितेय. पंधरा वर्षं पापा निवडून येतायत आणि तीन वर्षं दवाखान्यात डॉक्टर नाही. विचारलं की पापांचं ठरलेलं, "येईल पुढच्या बोटीने." माझ्या वर्गात मुलं तापाने फणफणतात, दादा. मी किती गप्प बसायचं?

पहिल्या मोजणीत फरक फारच थोडा निघाला, म्हणून फेरमोजणी झाली. तीही शाळेतच, मीही हजर होते. चौदा मतं उरली असताना पापांच्या नावापुढची एक फुली निघाली. वाकडी, चौकटीबाहेर घसरलेली. अधिकारी म्हणाले, "ही बाद करावी लागेल." माझा प्रतिनिधी तेपोऊ खुशीत आला.

मी ती फुली ओळखली. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचा हात असाच घसरतो.

आईने मला मत दिलं नव्हतं.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, होऊ दे बाद. कोणाला कळणार होतं? पण तोंडातून निघालं, "मत कोणाला आहे ते स्पष्ट दिसतंय. धरा." तेपोऊने कपाळावर हात मारला. "अगं बाई, हरायची हौस आहे का तुला?"

त्या मताने पापा माझ्या बरोबरीला आले. पुढे ते एकाने वर, मग मी, मग पुन्हा ते. ऐंशी-ऐंशी झाले आणि शेवटची मतपत्रिका उघडली. माझी! बाहेर ढोल कडाडले. गळ्यात इतके हार पडले की समोरचं दिसेना.

घरी पापा पडवीत बसले होते. "या, खासदारबाई," म्हणाले. ते उठले, स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. "गावभर माझ्याविरुद्ध बोललीस तशीच संसदेत बोल. तिथे आवाज खाली गेला, तर गाठ माझ्याशी आहे."

स्वयंपाकघरात आईला विचारलंच, "मला का नाही गं?"

"तू निवडून येणार हे ठाऊक होतं मला," ती शांतपणे म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला घरातून एक तरी मत नको का?"

हसता हसता रडले मी.

पुढच्या महिन्यात राजधानीच्या बेटावर, रारोटोंगाला, माझी शपथ आहे. आई-पापा दोघंही येतायत. विमानाच्या पायऱ्यांवर आईला धरणं पापांना आता झेपत नाही, आणि ते हे कबूल करायचे नाहीत. तू ये. रागावलेला असलास तरी ये.

तुझी धाकटी, आणि आता तुझ्या बेटाची खासदार,
आकाइती