तीन-बावीस की सात-बावीस

६ जानेवारी १९५७, रविवार

सोपानरावांना हापिस पाहिजे! चिंचवडात राहायला आल्यापासून ह्या घरमालकांचं रोज नवं काहीतरी ऐकतेय, पण हे सगळ्यांत वरचं. अर्धी शेती कारखान्याला गेली, आता ते कारखान्याला माणसं आणि विटा पुरवतात. ओट्यावर बसून कागद करणं शोभत नाही म्हणे. म्हणून पेरूच्या बागेच्या पार टोकाला दहा बाय बाराची खोली. तिथं दोन दिवे, एक पंखा आणि चहाला विजेची शेगडी. वीज न्यायची राहत्या घरातून, खांबांवरून.

आणि काम दिलंय आमच्या ह्यांना. कारखान्यात तीन वर्षं वायरमनच्या हाताखाली काढली, पण स्वतःचं असं पहिलंच. सोपानराव म्हणाले, "रंगराव, ह्ये नीट करा आन् लायसन काढा. मग नव्या चाळीच्या बारा खोल्यांचं वायरिंग तुमच्याकडंच."

लायसनचंच तर घोडं अडलंय. लेखी परीक्षेत हे दोनदा नापास. हातात कसब आहे, पण त्रैराशिक म्हटलं की घाम फुटतो. तिसऱ्यांदा बसायचं नावच काढत नाहीत. जन्मभर दुसऱ्याची शिडी धरणार का?

८ जानेवारी

संध्याकाळी वायरमनचं पुस्तक मोठ्यानं वाचलं. हे डोळे मिटून ऐकत होते — निदान मी तसं समजते. तीन-बावीस म्हणजे बावीस नंबरच्या तीन बारीक तारा पिळून केलेली. सात-बावीस म्हणजे तसल्याच सात. म्हणजे जाड. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

"घरगुती कामाला सगळे तीन-बावीसच घालतात," हे म्हणाले. पण पुस्तक म्हणतं, नुसता भार बघू नका, लांबीही बघा. लांब तारेत वाटेतच व्होल्ट पडतात, म्हणजे टोकाला कमी पोचतात. सात-आठ पडले तर चालतील, जास्त नको.

मी विचारलं, लांबी किती? तर म्हणे, असतील दीडशे पावलं. कुणाची पावलं? ह्यांची की माझी?

९ जानेवारी

दुपारी बाग मोजली. लुगड्यानं! टेप कुठून आणू? माझं जुनं नऊवारी, बरोब्बर नऊ वार. एक टोक मी धरलं, दुसरं सोपानरावांच्या कारभारणीनं, छबूबाईंनी. त्या हसून हसून खाली बसल्या. "मोजणीला सरकारी मानसं साखळी घिऊन यायची. लुगडं घिऊन आल्याली तूच पयली!"

पंधरा लुगडी भरली. एकशे पस्तीस वार. पाटीवर हिशोब मांडला, दोनदा तपासला. आठ व्होल्ट. तीन-बावीस चालेल.

हे खूश. लगेच जाऊन सोपानरावांना सांगून आले, "हिशोब करून सांगतो, तीन-बावीसच." कुणी केला ते नाही सांगितलं. असो. पण लागलं मला.

१२ जानेवारी, शनिवार

पुण्याहून तार आली. शंभर-शंभर वारांच्या तीन गुंडाळ्या. मी म्हटलं, एकशे पस्तीसाला तीन कशाला? दोन पुरल्या असत्या.

"अगं, एक जाणारी आणि एक येणारी. दोन तारा नकोत का?"

मी नुसती जाणारी धरली होती. येतानाचे व्होल्ट कोण मोजणार? आठ नव्हे, सोळा!

त्यांना दोन तारा ठाऊक, हिशोब नाही. मला हिशोब ठाऊक, दोन तारा नाहीत. काय जोडी आहे.

१३ जानेवारी, रविवार

सकाळी पाटी पुन्हा मांडली, सोळाच आले. भाजीत मीठ घालायचं राहिलं. "काय झालंय?" म्हणाले, तेव्हा सांगून टाकलं.

चिडले. चिडणारच. "आता सोपानरावांना काय तोंड दाखवू? पहिलंच काम माझं!" मला रडू आलं. मग ह्यांनी एकेक गुंडाळी उचलून बघितली. म्हणाले, "कापल्या नाहीत अजून. कागद बाजूला ठेव, डोळ्यांनी बघू."

हे मला सुचलं नसतं. गुंडाळ्या न उलगडता एकीचं टोक दुसरीला, दुसरीचं तिसरीला जोडलं, पुढे दिवा आणि छबूबाईंकडून आणलेली हापिसाची शेगडी. दिवा छान लागला. शेगडी लावली — दिवा पिवळा पडला. बंद केली, उजळला. लावली, पुन्हा पिवळा.

"सोळा," हे म्हणाले. आणि हसले! माझा जीव भांड्यात पडला.

१५ जानेवारी

आज ह्यांनी सोपानरावांना सांगितलं. मी दाराशीच होते. "हिशोब मला जमत नाही. माझ्या बायकोनं केला. चुकली तीच, चूक पकडली तिनंच. तार बदलावी लागेल, सात-बावीस."

मी पदर घट्ट धरून उभी. आता चाळ गेली, असंच वाटलं.

सोपानरावांनी पान जुळवलं, खाल्लं, मग बोलले. "पाट लांबला की शेवटच्या वाफ्याला पानी कमी. मग पाट रुंद करावा लागतो. येवढंच ना? मला इचारायचं व्हतं की!"

एवढ्याशा गोष्टीसाठी दोन दिवस जेवण गेलं नव्हतं माझं. दुकानदारानं गुंडाळ्या बदलून दिल्या, न कापलेल्या म्हणून.

२७ जानेवारी, रविवार

हापिसात वीज! शेगडी, पंखा, दोन्ही दिवे, सगळं एकदम लावलं. दिवा जरासुद्धा पिवळा पडला नाही. ह्यांची मान इतकी ताठ मी लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

पहिला चहा छबूबाईंनी केला. त्यांना पंखा इतका आवडला की दुपारच्या तिथंच आडव्या होतात. सोपानराव कागद घेऊन पुन्हा ओट्यावर.

१ फेब्रुवारी

हे पुण्याहून परीक्षेचे फॉर्म घेऊन आले. दोन.

म्हटलं, एक खराब झाला तर म्हणून का?

"नाही. दुसरा तुझा."