आधी बाईंची दाढ

अप्पा, काल एका नऊ वर्षांच्या पोरीनं माझ्या तोंडात हात घातला आणि अख्ख्या शाळेसमोर माझी अब्रू घालवली. तुम्ही असता तर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून पोट धरून हसला असता, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

नांदेडच्या ज्या निवासी शाळेत मी शिकवते तिथली सगळी मुलं माझ्यासारखीच, दृष्टी नसलेली. काल लातूरहून दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. गाडीतच खुर्ची, मशीन, सगळा दवाखाना. डॉक्टर तरुण पोरगी, आवाजावरून मोठी हौशी. आल्या आल्या तिनं किडक्या दातांची रंगीत चित्रं भिंतीवर लावून घेतली आणि विचारलं, "मॅडम, मागच्या मुलांना दिसतील ना?" मी म्हटलं, "पुढच्यांना दिसतील तेवढीच." बिचारीच्या लक्षात आलं तशी ती स्वतःच इतकी हसली की मला आवडूनच गेली.

हिमायतनगरकडची ती पोरगी मात्र हसत नव्हती. तिच्या खालच्या दाढेत पू झाला होता, गाल हाताला गरम लागत होता. आमच्या मुलांचं हेच होतं. दातावर काळा डाग पडला तर आरसा त्यांना सांगत नाही, दुखायला लागेपर्यंत कीड आत पोचलेली असते. किती दिवस ती भाकरी वरणात कुस्करून नुसती गिळत होती. डॉक्टर म्हणाली, दुधाची दाढ आहे, आज निघाली तर बरं, पू पसरला तर दवाखान्यात भरती करावं लागेल. पण पोरगी तोंडच उघडेना. "मी आदी बघणार," एवढंच तिचं चालू. काय बघणार विचारलं तर म्हणाली, "तोंड. दाढ कुठं असती, कशी असती, मला कुणी दाखवलंच न्हाई."

मला आपलं शिरूर अनंतपाळचं दुकान आठवलं. माझा पहिला दात हलतोय, आता सगळेच पडणार म्हणून मी भोकाड पसरलंय. तुम्ही माझा हात धुता, तेलाच्या डब्यावर बसता आणि आ करता. माझी बोटं तुमच्या दातांवरून फिरतात. पुढचे गुळगुळीत, मागचे सुपारीनं झिजलेले. बाहेरून कुणी "अप्पा, गूळ द्या की" म्हणतंय आणि तुम्ही माझ्या बोटांआडून नुसतं "आं, आं" करताय. पुढं दाढ दुखली तेव्हा तुम्ही मला लातूरला नेलंत. "मुंगी चावल्यावाणी हाय, कायबी दुखत न्हाई," म्हणालात, आणि मी त्या डॉक्टरला कडकडून चावले. तुम्ही रागावलात. मी म्हटलं, तुम्हीच खोटं बोललात. बसस्टँडवर आल्यावर तुम्ही म्हणालात, "चुकलं बाय माझं." मोठी माणसं असं म्हणतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ते आठवलं की अजून तुमच्यावर फार माया येते.

तर काल मी पोरीचे हात साबणानं धुतले. डॉक्टरनं हातमोजे दिले. "यानं दिसत न्हाई," म्हणून पोरीनं ते परत केले. मी आ केलं. तिची बोटं सरसर फिरली आणि एका जागी थांबली. "बाई! तुमच्या दाढंला भोक हाय!" रोज सकाळी नळापाशी उभी राहून 'पेस्ट आधी बोटावर घ्या, ब्रश पार मागपर्यंत न्या' असं ओरडणारी मी! पोरं खिदळली, डॉक्टरला उगाचच खोकला आला. "मग आदी तुमी बसा," पोरगी म्हणाली, "मग मी."

पळायला जागा नव्हती, बसले. मशीन घरघरायला लागलं. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उभी. दाढ भरून झाल्यावर तिनं विचारलं, "दुखलं का?" माझ्या ओठावर 'नाही' आलंच होतं.

"हो," मी म्हटलं. "सुई टोचताना दुखलं. मग नुसती घरघर."

"किती दुखलं?"

मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि स्वतःच खुर्चीवर चढली. दाढ निघताना ओरडली, पण चावली नाही. मग ती दाढ उलटीपालटी चाचपून म्हणाली, "एवढीशी तर हाय, अन् नाटक केवढं!" आज दुपारी तिनं दुसऱ्या बाजूनं भाकरी चावून खाल्ली. त्या चावण्याचा आवाज ऐकत मी शेजारी बसून राहिले. मला फार बरं वाटलं, अप्पा.

हे सगळं मी ब्रेलमध्ये टोचतेय. पाठवायची सोय असती तरी तुम्हाला हे ठिपके वाचता आले नसते, म्हणून एक गोष्ट बिनधास्त सांगते. वर डावीकडं माझी आणखी एक दाढ ठणकते. पोरीचं बोट तिकडं वळलं, तेव्हा मी हळूच जीभ आडवी घातली.