मुक्काम कांफेंग फेत

१० नोव्हेंबर, सोमवार

नात मुक हिचा पदवीदान समारंभ पुढील महिन्यात चियांगमायला आहे. मुलगी आधीच तिकडे गेली आहे; म्हणजे नाखोन पाथोमहून निघणार आम्ही तिघे: मी, पत्नी लामाय आणि जावई थाविन. गाडी माझी. चालवणार मी. निर्णय अंतिम.

एका दमात हा प्रवास करणे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सहज शक्य आहे. केवळ लामायच्या गुडघ्यांचा विचार करून वाटेत एक रात्र मुक्काम करावयाचा. गाव: नाखोन सावन. तेथील एका हॉटेलाच्या पाटीवर शुद्धलेखनाची एकही चूक नाही, हे मी पूर्वी स्वतः तपासले आहे.

थाविन म्हणाला, "बाबा, मी चालवतो ना, तुम्ही मागं आरामात बसा. अगदी आरामात." एकच शब्द दोनदा. ज्याने आयुष्यभर थाई भाषा शिकवली त्याला कळते की माणूस एखादा शब्द उगाच दोनदा वापरत नाही. लक्ष ठेवले पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लामायला मुक्काम कांफेंग फेतला हवा आहे. कारण विचारले. म्हणाली, "तिथली केळी गोड असतात." केळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिळतात. पुन्हा विचारले. म्हणाली, "बरं, मग नदीकाठी देवीचं ठाणं आहे, हात जोडून येऊ." ही देवी नवसाला पावते असे तिकडच्या लोकांचे म्हणणे. लामायला आजवर तिची आठवण झालेली नव्हती.

थाविनने तत्काळ नकाशा काढून दाखवले की कांफेंग फेत बरोबर निम्म्यावर आहे. सासू आणि जावई यांचे इतक्या चटकन एकमत झालेले मी आजवर पाहिलेले नाही.

मी मान्यता दिली. संशयिताला मोकळे सोडले की तो चुका करतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सरावासाठी सुफान बुरीपर्यंत गाडी नेऊन आणली. वेग ताशी साठ. उजव्या मार्गिकेतून, कारण माझ्यापुढे तेथे कोणीच नसते. मागील गाड्या हॉर्न वाजवून आदर व्यक्त करीत होत्या. लामाय गाडी सुरू होताच डोळे मिटते ती घर आल्यावरच उघडते. लग्न झाल्यापासून तिचा माझ्यावर असाच विश्वास आहे.

परतताना विहाराच्या फाटकाच्या खांबाने गाडीचा डावा दिवा फोडला. खांब नियमापेक्षा पुढे बांधलेला आहे. भिक्षूंना तसे लेखी कळवीन. थाविनने नवा दिवा बसवून आणला आणि एक शब्दही उच्चारला नाही. न बोलणे हेही बोलणेच असते.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळ

उद्या परवान्याच्या नूतनीकरणाची चाचणी. माझा नवसावर विश्वास नाही. तथापि देवीच्या गावी मुक्काम करावयाचा, तर आगाऊ परिचय करून देणे शिष्टाचाराला धरून आहे. उत्तरेकडे तोंड करून उभा राहिलो. पूर्ण नाव आणि घराचा क्रमांक सांगितला. नंतर एकाच निर्दोष मिश्र वाक्यात विनंती मांडली: चाचणीत उत्तीर्ण झाल्यास देवतांना रिवाजाने वाहतात त्या लाल सोड्याची एक बाटली, स्ट्रॉसह. मोघम बोलून फसलेले नवसकरी मी पाहिले आहेत.

वळून पाहतो तो लामाय मागील अंगणात, उत्तरेकडे तोंड, हात जोडलेले. म्हणाली, "कपडे वाळले का बघतेय." दोरीवर कपडे नव्हते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नापास. यंत्रावरील दिवा लाल झाला की ब्रेक दाबावयाचा, अशी ती चाचणी. मी प्रथम तो दिवा निःसंशय लाल आहे याची खात्री करून घेतली. घाई सुशिक्षिताला शोभत नाही. तपासणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, एवढ्या वेळात माणूस रस्ता ओलांडून, नूडल्स खाऊन परत आला असता."

खरे कारण वेगळे आहे. भिंतीवरील सूचनेत दोन चुका होत्या आणि त्या मी सर्वांदेखत पेनाने दुरुस्त केल्या. सत्ताधाऱ्यांना व्याकरण झोंबते.

घरी लामाय "अरेरे" म्हणाली. त्या अरेरेत अनुस्वाराइतकेही दुःख नव्हते. पुढील आठवड्यात पुन्हा चाचणी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल देवीला सुधारित प्रस्ताव दिला होता: बाटली मोठी.

आज पुन्हा नापास. दोन काठ्या दुरून बटण दाबून एका रेषेत आणावयाच्या होत्या. माझ्या मते त्या आल्या होत्या. त्याच मुलीच्या मते एक काठी अजून शेजारच्या खोलीत होती. जुना परवाना संपला, नवा नाही. तूर्त थाविन चालवील. मी मागे बसून मार्गदर्शन करीन. वस्तुतः चालवणारा तोच, जो सूचना देतो.

३ डिसेंबर, बुधवार

घरात काहीतरी शिजते आहे. अंड्यांचे ट्रे स्वयंपाकघरात रचले जात आहेत. मला डॉक्टरांनी अंडी वर्ज्य केली आहेत. माझा निष्कर्ष: थाविनने अंड्यांचा धंदा काढला असून माझ्या गाडीतून तो उत्तरेकडे माल नेणार आहे.

दुपारी लामाय चुलीपाशी मंद गाणे लावून हात वळवून नाचत होती. मला पाहताच थांबली. म्हणाली, "डास." माझा वाढदिवस फेब्रुवारीत आहे. तयारी फार लवकर सुरू झालेली दिसते. मी काही पाहिले नाही असे दाखवले.

५ डिसेंबर, शुक्रवार. पितृदिन

थाविनने पाया पडून भेट दिली: मानेभोवती अडकवण्याची उशी. "मागं बसून डुलकी लागली तर बरी असते, बाबा." मार्गदर्शकाला डुलकी लागत नाही. उशी कपाटात ठेवली. निर्धार: संपूर्ण प्रवासात डोळे आणि तोंड दोन्ही उघडे ठेवणार.

१३ डिसेंबर, शनिवार. कांफेंग फेत

सकाळी निघालो. गाडीच्या डिकीत उकडलेल्या अंड्यांच्या टोपल्या. थाविनला विचारले, धंदा कसा काय चालला आहे. तो खोकला.

त्याला प्रत्येक वळणाआधी सूचना दिली. तो दर वेळी "हो बाबा" म्हणाला, आणि त्याला हवे तेच केले. आश्चर्य लामायचे. सबंध वाटेत तिचे डोळे उघडे. "मास्तर, ते बगळे बघा." "मास्तर, इथं डोंगर आहे की हो." मी सांगितले की डोंगर इथे पूर्वीपासूनच आहे. म्हणाली, "असेल. मी डोळे मिटून बुद्धाचं नाव घेत असायची."

तो विश्वास नव्हता तर.

ठाण्यावर पोहोचताच टोपल्या थेट देवीपुढे गेल्या. नवस फेडताना नाव-गाव मोठ्याने सांगावे लागते, नाहीतर देवीकडे घोटाळा होतो, तेव्हा लामायने सगळ्या यात्रेकरूंच्या देखत सांगितले: "आई, नाखोन पाथोमच्या आमच्या विचियन मास्तरांना दोन्ही वेळा नापास केलंस, तुझे उपकार झाले. ही बोललेली अंडी. आता नाचतेही, पण गुडघ्याकडं बघू नकोस." आणि नाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थाविननेही.

मी गाडीत जाऊन बसलो. पुढच्या, माझ्या जागेवर. किल्ली थाविनकडे होती.

काही वेळाने ती येऊन शेजारी बसली. मी विचारले, हा कट कधीपासून चालू आहे. म्हणाली, "कट कसला. सिंगबुरीला तो दुधाचा ट्रक आला होता बघा, तेव्हापासून. तुम्हाला तो दिसलाच नव्हता." मी म्हणालो की त्या प्रसंगाची पार्श्वभूमी मी क्रमाने स्पष्ट करू इच्छितो. म्हणाली, "करा की. पण मास्तर, तुमचं वाक्य संपेस्तोवर ट्रक येऊन जातो. मला तुम्ही अख्खे पाहिजेत."

मी तिच्या गुडघ्याला बाम लावून दिला.

तरीही तत्त्वाचा प्रश्न उरतोच. माझी एक बाटली. तिकडे टोपल्या भरून अंडी आणि वर नाच. हा न्याय नव्हे, लिलाव आहे. उद्या सकाळी मी स्वतः बोली वाढवणार: भाड्याने नर्तकी, पूर्ण संच, वाद्यांसह. परवाना परत मिळालाच पाहिजे.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ

एकटाच ठाण्यावर गेलो. राखणदार म्हातारी झाडत होती. तिच्यापुढे प्रस्तावाची प्रस्तावना केली. तिने झाडू न थांबवता सांगितले, "आजोबा, फेडलेला नवस उलटत नाही. शिवाय देवीच्या हातात आज दुसरं काम आहे. मघाशीच एक जावईबापू येऊन गेले. अख्खं डुकराचं मुंडकं बोललेत."

कशासाठी, हे विचारणे माझ्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. मी विचारले.

"सासरा मागं बसतो म्हणे. चियांगमायपर्यंत त्यानं एक अक्षर बोलू नये."

भोळसट माणूस. बोलणे न बोलणे हे सर्वस्वी माझ्या हाती आहे. आज दुप्पट सूचना देणार.

दुपार. लाम्पांगच्या अलीकडे

न्याहारीपासून घसा पूर्ण बसला आहे. केवळ योगायोग. दोष हॉटेलातील पंख्याचा. पाटीवर तीन चुका होत्या, तेथेच मी सावध व्हावयास हवे होते. लामाय खिडकीतून बाहेर पाहते आहे आणि मध्येच हसते. थाविन शीळ घालतो आहे.

आतापर्यंत त्याच्या पुष्कळ चुका झाल्या आणि एकही सांगता आली नाही. शेवटी सर्व सूचना कागदावर, योग्य त्या विरामचिन्हांसह, लिहून पुढे दिल्या. त्याने आरशातून पाहिले आणि अत्यंत नम्रपणे सांगितले, "बाबा, गाडी चालवताना वाचायला मनाई आहे."

वाक्य निर्दोष होते. त्याला उत्तर देण्यासाठी आवाज लागतो.