नाव बुडली नाही

पोर्ट ब्लेअर, जानेवारी १९८४

आनंदराव यांस,

"तुम्ही दोघी बसल्या तं नाव बुडंल," असं तुम्ही अंबाझरी तलावाच्या काठावर हसत म्हणाला होतात. मग मला, लग्नाच्या बायकोला, आणि स्वतःच्या मायला काठावर ठेवून तुम्ही वच्छलासोबत नावेत बसलात. पुढे तिच्याशीच संसार थाटलात. माय माझ्याजवळ राहिली.

आज संध्याकाळी, इथल्या सहलीत, मी आम्हा दोघींसाठीच अख्खी नाव ठरवली. सूर्य समुद्राकाठच्या टेकड्यांआड उतरत होता. माय लुगडं खोचून पाण्यात हात घालून बसली होती. नाववाल्यानं विचारलं, "माताजी, बेटी के साथ आयी हो?"

"हाव," माय म्हणाली.

तेव्हा मी तुमचा निरोप सांगितला, की वच्छला अंथरुणाला खिळली आहे, मायला पाठवून दे.

"त्याच्या नावेत माह्यासाठी जागा नव्हती. आता त्याच्या घरात मले जाचं नाही," ती म्हणाली. "अन् सांग त्याले, नाव बुडली नाही म्हणून."

मला तुमची कीव यायला हवी होती. आली नाही. अंधार पडेपर्यंत तिचं बोलणं मी मनात घोळवत राहिले.

हे पत्र टपालपेटीत पडलंच, तर एवढं करा. स्वतः घरी या आणि माझ्यासमोर मायला विचारा, येतेस का म्हणून. तुम्ही येणार नाही, हे ठाऊक आहे.

तुमच्या मायची लेक,
इंदू