तीस सेकंदांची भाकरी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

जबाबदारी माझ्यावर आली आहे. आली म्हणजे मी घेतली. मोठी माणसं वाट बघत बसत नाहीत.

विषय: श्रीदेवीची, म्हणजे आमच्या हिची, कडक भाकरी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ बायका ज्वारीच्या भाकऱ्या थापतात, भाजतात आणि पापडासारख्या कडक करतात. हा हिचा उद्योग, नऊ वर्षांचा. आता पुण्याच्या एका दुकानसाखळीला भाकरी आवडली आहे. बारा दुकानं. पण प्रत्येक दुकानात मांडणीशेजारी टीव्ही असतो आणि त्यावर लावायला तीस सेकंदांचा अ‍ॅनिमेशन व्हिडिओ लागतो. मुदत २८ तारीख. पसंत पडला तर आठही जणींना बारमाही काम. नाही पडला तर निंगव्वा आणि आणखी तिघी १ मार्चपासून टॉवेलच्या कारखान्यात. निंगव्वाने हिला स्पष्ट सांगितलंय, बाई, आठवड्यात दोन दिस काम करून सात दिस जेवता येत न्हाय. आणि निंगव्वाचा हात गेला की भाकरी गेली. एवढी पातळ दुसऱ्या कुणाला जमत नाही.

हिचं म्हणणं होतं, आरोही बघेल की. आरोही आमची मुलगी, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मी म्हणालो, हा शैलीचा प्रश्न आहे, आणि शैली हा शेवटी विचारांचा प्रश्न असतो. छत्तीस वर्षं व्यासपीठ गाजवणारा माणूस घरात असताना... ही म्हणाली, बरं बरं, बघा तुम्ही, पोळी करपतीय. विश्वास टाकला.

संकल्प: दोन दिवसांत शैली ठरवणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपारी

अ‍ॅनिमेशन करणाऱ्या महेश्वरीच्या स्टुडिओत गेलो. भवानी पेठ, दुसरा मजला, खाली यंत्रमागांचा खटखटाट. बाई पस्तिशीची. कमी बोलते. संस्कार.

तिने पाच प्रकार दाखवले. हाताने काढल्यासारखं टूडी. खरं वाटणारं थ्रीडी. पांढऱ्या फळ्यावर एक हात चित्र काढत जातो ते व्हाइटबोर्ड. अक्षरं आणि आकार पळत येतात ते मोशन ग्राफिक्स. आणि खरी वस्तू जरा जरा सरकवत फोटो काढायचे, ते स्टॉप मोशन. नमुने चार मिनिटांत संपले. त्यावर मी पन्नास मिनिटं बोललो. गुहेतल्या चित्रांपासून सुरुवात केली. ती भारावून गेली असावी. शेवटी एवढंच म्हणाली, सर, मग यातला कुठला?

प्रश्न चांगला आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी. सकाळी

निर्णय झाला. व्हाइटबोर्ड. फळा हीच आपली क्रांती. फळ्यापुढे बसलेल्या पोरांनी हा देश उभा केला. महेश्वरीला फोन करून कळवलं, फायनल.

संध्याकाळी

रद्द केला. नमुन्यातला तो चित्र काढणारा हात पुन्हा आठवला. गोरा, नखं कापलेला, मनगटात घड्याळ. या हाताने आयुष्यात कधी तवा धरला आहे का? विचारांशी तडजोड नाही. महेश्वरी म्हणाली, सर, हात बदलता येतो. मी म्हणालो, प्रश्न हाताचा नाही. ती म्हणाली, बरं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

टूडी. फायनल. माणसाने काढलेली रेषा, तिच्यात माती असते. महेश्वरीला कालच कळवलं होतं, तिने एका दिवसात बाई काढून पाठवली. नऊवारी, नथ, हसतमुख, समोर पीठ मळायची काटवट.

हसतमुख का? कष्टकरी स्त्रीच्या चेहऱ्यावर हे खोटं हसू कुणी लादलं? संतापलो. मला निर्धार हवा आहे, असं कळवलं. संध्याकाळी निर्धार आला. हिला दाखवला. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ही बाई भाकरी थापतीय का कुणाला मारायला उठलीय?

टूडीला मर्यादा आहेत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आरोही म्हणाली, अप्पा, एआय एका मिनिटात करून देतं, निदान कल्पना तरी येईल. तिला यंत्र आणि माणूस या विषयावर मूलभूत चार गोष्टी सांगितल्या. ती कॉलेजला गेल्यावर स्वतः करून बघितलं. शत्रूचा अभ्यास असावा.

बरं आलं होतं. शेडमध्ये नेऊन दाखवलं. निंगव्वाने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, मास्तर, हिला सहा बोटं हायत की. मला सहा असती तर दिवसाला पन्नास भाकऱ्या जास्त थापल्या असत्या. सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. लोकांमध्ये मिसळावं लागतं.

सतरा दिवस आहेत. भरपूर.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शैली नंतर. आधी शब्द. शब्द आला की चित्र मागे येतंच. निवेदन अर्थात माझ्या आवाजात. हा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, हे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत सगळे सांगतील.

महेश्वरीच्या स्टुडिओत खिडक्या लावून उभा राहिलो. सुरुवात केली: या श्रमाच्या व्यासपीठावर विराजमान झालेली ज्वारी, तिला जन्म देणारी काळी आई, तिला आकार देणारे अनाम हात, आणि माझ्यासमोर जमलेल्या तमाम भाकरीप्रेमी बंधूंनो आणि भगिनींनो.

इथे दम घ्यायला थांबलो. महेश्वरीने घड्याळ दाखवलं. सर, व्हिडिओ संपला.

मी म्हणालो, अजून विषयाला हात घातलेला नाही. ती म्हणाली, तेच म्हणतेय.

संकल्प: मसुदा कापणे. निर्दयपणे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कापला. अकरा मिनिटांवर आणला. यापुढे कापणं म्हणजे आशयाची हत्या.

पुण्याच्या साहेबांना फोन करून विचारलं, तीस सेकंद हा नियम कुणी केला. ते म्हणाले, गिऱ्हाईक तेवढंच थांबतं. या देशाचं काय होणार?

सोमवार, १७ फेब्रुवारी. रात्री जेवणाआधी

थ्रीडी!!! इतके दिवस आपण न्यूनगंडात होतो. परदेशी बिस्किटाला थ्रीडी आणि आमच्या भाकरीला वही-पेन्सिल? महेश्वरीला सांगितलं, भाकरी अशी दिसली पाहिजे की काच फोडून हात घालावासा वाटेल. तिने तीन दिवस लागतील म्हटलं. अकरा दिवस आहेत. फायनल.

ही विचारत होती, काय ठरलं का हो? म्हणालो, ठरलंय. ती म्हणाली, परवा पण ठरलं होतं. तिला निर्णयप्रक्रिया समजावून सांगितली. मधेच उठून कुकर बंद करायला गेली, ती परत आली नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीचं व्याख्यान, माळशिरस. विषय दुर्गरचना. पण डोक्यात भाकरी. बोलता बोलता आरमारावरून थ्रीडीवर कधी आलो, मलाच कळलं नाही. वीसेक मिनिटं अ‍ॅनिमेशनवर बोललो. टाळ्या मध्येच सुरू झाल्या, सगळीकडून, एका तालात. मी थांबलो नाही, तर आणखी वाढल्या. अध्यक्षांनी स्वतः उठून हार घातला, भाषण चालू असतानाच. असा प्रतिसाद पूर्वी कधी मिळाला नव्हता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

थ्रीडी आलं. सात सेकंदांचा तुकडा. तवा. त्यावर भाकरी. भाकरी हळूहळू फुगते, टम्म होते, कडेने वाफ सुटते. डोळे भरून आले. तिथल्या तिथे मंजूर केलं.

शेडमध्ये सगळ्यांना दाखवायचं ठरवलं. छोटं प्रास्ताविक केलं. तुकडा लावला. शांतता. मला वाटलं, भारावल्या.

निंगव्वा म्हणाली, ही मऊ भाकरी हाय.

ही म्हणाली, अय्यो, खरंच की. आपली भाकरी फुगतीय कुठं?

निंगव्वा म्हणाली, फुगली की आमी ती बाजूला काढतो, घरी खायला. मऊ भाकरी पुण्याच्या बाया स्वतः थापत्यात. सोलापुरातनं कशाला मागवतील?

मी म्हणालो, फुगणं हे प्रतीक आहे. आत्मसन्मानाचं. निंगव्वा म्हणाली, मास्तर, आमची चपटी असती. चपटीचं कायतरी प्रतीक बघा.

नऊ वर्षं रोज ताटात असते. चपटी. मी हे मुद्दाम ठेवलं होतं, त्यांचं लक्ष आहे का ते बघायला.

सिद्धेश्वर तलावाकडे जाऊन तीन फेऱ्या मारल्या. चौथीला पाय दुखले.

शनिवार, २२ फेब्रुवारी. दुपारी १

उत्तर डोळ्यांसमोर होतं. स्टॉप मोशन! खरी भाकरी. खोट्याला जागाच नाही. आणि हे मी स्वतः, स्वतःच्या हातांनी करणार. श्रमप्रतिष्ठेवर नुसतं बोलणारा मी नव्हे.

गच्चीवर चादर अंथरली. आरोहीचा जुना मोबाइल स्टुलावर बांधला. भाकऱ्या एकावर एक चढून मनोरा होतो, अशी कल्पना. प्रत्येक भाकरी बोटभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची.

दुपारी ३.३०

कडक भाकरी सरकवली की तुटते. कट् असा आवाज होतो. दर वेळी. चव्वेचाळीस भाकऱ्या. फोटो सहा. त्यातल्या चार फोटोंत माझा अंगठा.

संध्याकाळी ५

जिन्यातला पांढरा खोका पुण्याला नमुना म्हणून जायचा होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खोक्यावर लिहिलं होतं, ते वेगळं. निंगव्वाने चार दिवसांतल्या निवडून काढलेल्या भाकऱ्या होत्या, कागदासारख्या. ही गच्चीवर आली. चादरीकडे बघितलं. खाली बसून तुकडे गोळा करू लागली. मी श्रमप्रतिष्ठेबद्दल एक वाक्य सुरू केलं आणि थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न थांबवता थांबलो.

रविवार, २३ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. तरी पहाटेच निंगव्वा आली. शेडमधून थापण्याचा आवाज दुपारपर्यंत येत होता. विचारायला गेलो, काही मदत? ती म्हणाली, मास्तर, तुमी फकस्त हितं येऊ नका.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी महेश्वरीला फोन केला. मोशन ग्राफिक्स हाच खरा आजचा आविष्कार आहे, हे मला उशिरा पण पक्कं उमगलं आहे. फायनल.

ती म्हणाली, सर, तुमचे फायनल मी लिहून ठेवलेत, हे अकरावं. चार दिवस उरलेत. मला दोन लागतात. आणि मग म्हणाली, मॅडमना फोन देता का.

मॅडम म्हणजे ही. ही पाच मिनिटं नुसतं हं हं म्हणत होती. फोन ठेवला. माझ्याकडे वळून दोनच शब्द. साकु री. म्हणजे पुरे झालं. तिला राग आला की ती कन्नडमध्ये बोलते. प्रेम मराठीत करते. आरोहीला म्हणाली, उद्यापासून तू जा महेश्वरीकडे. आरोही म्हणाली, अप्पा, वाईट वाटून घेऊ नका हं.

वाटून घेतलेलं नाही. इतिहासात अशा माणसांना नेहमीच बाजूला केलं गेलं आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

कडकडीत उपास. यंदा सोबत मौनही. निषेध म्हणून. पाटीवर लिहून सगळ्यांना कळवलं.

कुणी विरोध केला नाही. आरोही म्हणाली, छान. ही म्हणाली, चहा चालतो का मौनात? शेडमध्ये म्हणे दुप्पट काम झालं.

घरात एवढी शांतता होती की पत्र्यावर चिमणी चालताना ऐकू आली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सकाळी ८

पारणं. मौन चालूच. स्वयंपाकघरात गेलो. कालच्या उपासाने पोटात खड्डा. हिने ताटात शेंगाचटणी, दही आणि कडक भाकऱ्या वाढल्या. मान खाली घालून खाल्लं. चार भाकऱ्या. एका शब्दाशिवाय. आरोही समोर फोन धरून बसली होती, आजकालची मुलं जेवतानाही फोन सोडत नाहीत. त्यावर बोलणार होतो. मौन आठवलं. पाचवी घेतली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

पुण्याहून दुपारी फोन आला. व्हिडिओ पसंत. नमुना पसंत. सोमवारपासून भाकरी जाणार. निंगव्वाने टॉवेल कारखान्यातल्या मुकादमाला शेडमधूनच फोन लावला आणि एवढ्या मोठ्यांदा नाही म्हणाली की त्याला फोनची गरज नव्हती. बायकांनी हिच्या गालाला पीठ लावलं. ही रडली. मी आत होतो.

मग आरोहीने मला व्हिडिओ दाखवला. पांढरा पडदा. एक काळी रेष येते, गोल होते. चपटी. दोन बोटं येतात. कट्. तुकडा मोडतो. मग दुसरा. मग नुसती भाकरी कमी कमी होत जाते, रेष संपते, नाव येतं. कसली शैली म्हणावी हे मला सांगता येईना. संगीत नाही. निवेदन नाही. फक्त कुणीतरी खातंय. कडाकडा, मन लावून, शेवटी बोटं चाटल्याचासुद्धा आवाज आहे.

आरोहीला म्हणालो, खाणारा माणूस चांगला शोधलात. भुकेला आहे, प्रामाणिक आहे.

ती हिच्याकडे बघू लागली. ही महेश्वरीकडे. महेश्वरी पेढे घेऊन आली होती. ती म्हणाली, सर, दोन दिवस आम्ही सगळ्यांचं खाणं रेकॉर्ड केलं. सगळे मध्येच बोलतात. तुमचंच एक सलग मिळालं.

तीस सेकंद. माझेच. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा वेळेत संपवलं.

पुण्याच्या साहेबांना बाजरीच्या भाकरीचाही व्हिडिओ हवा आहे, त्याच माणसाचा. उद्या सकाळी दहा वाजता स्टुडिओत रेकॉर्डिंग आहे. मी विचारलं, काही तयारी करून येऊ का? महेश्वरी म्हणाली, नको सर, फक्त उपाशी या.